भाच्याला घरी आणू की नको? टेक्सासच्या कायद्याला घाबरलेल्या मामीला उत्तर

पत्र : मी टेक्सासमध्ये अर्व्हिंगला राहते. नवरा एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर, मी त्याची बायको म्हणून एच-4वर. ग्रीन कार्डाच्या रांगेत बरीच वर्षं झाली. मुलगी इथेच जन्मली, सातवीत आहे. माझ्या नणंदेचा मुलगा एम.एस.साठी न्यू जर्सीला आला. पदवी झाली, ओपीटी (शिक्षणानंतर काही काळ काम करायची परवानगी) सुरू झालं, पण नोकरी लागली नाही. नोकरीविना 90 दिवस उलटले आणि स्टेटस, म्हणजे इथे कायदेशीर राहायचा दर्जा, संपल्याचं विद्यापीठानं त्याला कळवलं. त्याला आता चार महिने होत आले. सध्या तो मित्रांच्या खोलीवर राहतो. काम करतो का विचारलं की विषय बदलतो. एक ओळखीचे गृहस्थ त्याला म्हणतात, "एका विद्यापीठात नाव घाल, वर्गात जावंही लागत नाही." सांगलीहून ताईंचा रोज फोन येतो : "त्याला तुमच्याकडे घेऊन जा, मामाच्या घरी सुरक्षित राहील." त्याच्या शिक्षणासाठी त्यांनी घर गहाण ठेवलंय. इकडे आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरतोय की टेक्सासच्या एसबी 4 (सेनेट बिल 4) कायद्यानं स्टेटस नसलेल्या माणसाला घरात ठेवलं तर 10 वर्षं तुरुंग. मी नको म्हटलं, तर नवरा म्हणाला, "माझ्या बहिणीचा मुलगा आहे, रस्त्यावर सोडू?" तेव्हापासून घरात बोलणं कामापुरतंच. मी स्वार्थी आहे का? आणि आता आम्हालाही कागद खिशात घेऊन फिरावं लागेल का?
— एक मामी

प्रिय मामी,

तुम्ही स्वार्थी नाही. नवऱ्याचंही चुकलेलं नाही, त्यांना भाचा दिसतोय आणि तुम्हाला घर. पण तुम्ही दोघं ज्या प्रश्नावरून अबोला धरून बसला आहात तो आज दुय्यम आहे. पत्रातलं "चार महिने होत आले" हे वाक्य वाचून मी थबकले. स्टेटस गेलेल्या विद्यार्थ्याला ते परत मिळावं म्हणून अर्ज करता येतो. त्यासाठी साधारण पाच महिन्यांची मुदत असते आणि ती ओलांडली तर फार सबळ कारण दाखवावं लागतं. म्हणजे तुमच्या भाच्याकडे काही आठवडे उरलेत. टेक्सासला यायचं की नाही हे नंतर ठरवा. या आठवड्यात त्यानं इमिग्रेशनच्या वकिलासमोर बसलं पाहिजे.

आता त्या मेसेजबद्दल, कारण भीती तिथून आली आहे. टेक्सासमध्ये एसबी 4 नावाचे तीन वेगवेगळे कायदे आहेत. तिथल्या विधिमंडळात प्रत्येक अधिवेशनात विधेयकांचे आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात, म्हणून हा घोटाळा. मेसेज लिहिणाऱ्यानं तिन्ही एकत्र कालवलेत.

पहिला 2017 चा. कोणत्याही शहरानं किंवा शेरिफनं (जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखानं) केंद्राच्या इमिग्रेशन खात्याला सहकार्य नाकारायचं नाही, आणि पोलिसानं कायदेशीरपणे अडवलेल्या माणसाला स्टेटस विचारलं तर वरिष्ठांनी त्याला रोखायचं नाही, असं तो सांगतो. मार्च 2018 मध्ये अपील कोर्टानं तो बहुतांशी कायम ठेवला. रोजच्या जगण्याला भिडणारा कायदा हाच आहे, आणि तुमच्या ग्रुपवर नेमकं त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

दुसरा आणि तिसरा या दोन्हींवर गव्हर्नर ॲबट यांनी 18 डिसेंबर 2023 ला एकाच दिवशी सह्या केल्या. त्यातला गाजलेला कायदा म्हणजे अधिकृत नाका टाळून परदेशातून टेक्सासमध्ये शिरणं हा राज्याचा गुन्हा ठरवणारा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, पुन्हा केलं तर त्याहून जास्त, आणि न्यायाधीशाला त्या माणसाला मेक्सिकोत परत जायचा हुकूम देण्याचा अधिकार. तो हुकूम मोडला तर 2 ते 20 वर्षं. 29 फेब्रुवारी 2024 ला ऑस्टिनमधल्या केंद्रीय न्यायालयानं तो अडवला. 19 मार्चला सुप्रीम कोर्टानं वाट मोकळी केली, तर त्याच रात्री अपील कोर्टानं पुन्हा थांबवला. त्यानंतरही तो कोर्टात वर-खाली होत राहिला, त्यामुळे त्याची आजची स्थिती वकिलाला विचारूनच घ्या. मात्र तुमच्या घरापुरतं बोलायचं तर या कायद्याचा भाच्याशी संबंधच येत नाही. तो व्हिसा घेऊन, विमानतळावर अधिकाऱ्यासमोर उभा राहून, शिक्का मारून आत आला. चोरवाटेनं शिरणं हा गुन्हा आहे. रीतसर येऊन मुदतीनंतर राहणं हा अमेरिकेच्या कायद्यात मुळात दिवाणी स्वरूपाचा भंग आहे. त्यापायी हद्दपारी होऊ शकते, ती लहान गोष्ट नाही, पण तो "गुन्हेगार" झालेला नाही. हे ताईंना आवर्जून सांगा. 5 फेब्रुवारी 2025 ला अमेरिकेचं लष्करी विमान 104 भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, त्यात महाराष्ट्रातले 3 जण होते. ती बेड्यांची दृश्यं सांगलीतही घरोघरी पाहिली गेली असणार, आणि आईच्या मनात तेव्हापासून काय चाललं असेल ते सांगायला नको.

मेसेजमधली 10 वर्षं आली ती उरलेल्या कायद्यातून. माणसांची चोरटी वाहतूक करणाऱ्यांना किमान 10 वर्षं शिक्षा, असं त्यात आहे. तो कोर्टात अडकलेला नाही. 6 फेब्रुवारी 2024 पासून लागू आहे. ज्या मूळ गुन्ह्याची शिक्षा त्यानं वाढवली, त्याच्या व्याख्येत माणसाला आसरा देऊन, दडवून देशात बेकायदा राहायला मदत करणंही येतं. तेव्हा मेसेज साफ खोटा नाही. पण घरमालकांनी आणि समाजसेवकांनी हाच प्रश्न आधीच कोर्टात नेला होता : आम्ही खोली भाड्यानं देतो, अडलेल्यांना मदत करतो, आम्हीही गुन्हेगार का? टेक्सासवर ज्याचा अधिकार चालतो त्या अपील कोर्टाचं 2017 मध्ये उत्तर होतं की नुसतं राहायला जागा देणं पुरेसं नाही, सरकारच्या नजरेपासून लपवण्याचं काहीतरी कृत्य लागतं. तुमच्या अर्व्हिंगला लागूनच असलेल्या फार्मर्स ब्रँचमध्ये 2006 पासून नगरपालिकेनं अशा लोकांना घरं भाड्यानं देण्यावरच बंदी आणायचा खटाटोप केला होता. लोकांनी 2007 मध्ये मतदान करून तिला पाठिंबाही दिला. अखेर 2013 मध्ये अपील कोर्टानं तो नियम रद्द केला.

म्हणून सख्ख्या भाच्याला चार दिवस सोफ्यावर झोपू दिलं म्हणून तुमच्या दारात बेड्या येतील, असं मला वाटत नाही. धोका कधी वाढतो ते सांगते. अधिकारी आले आणि तुम्ही "इथे असं कुणी राहत नाही" म्हणालात. त्याला कुणाच्या नावावर काम मिळवून दिलंत. त्याचा पत्ता मुद्दाम भलताच कळवलात. पोलिसांना टाळायचं म्हणून त्याला गाडीत घालून आडवाटेनं नेलंत. असलं काही केलंत तर राज्याचा कायदा लांबच राहिला, केंद्राचा त्याहून जुना कायदा लागतो : 5 वर्षांपर्यंत कैद, पैशाच्या लाभासाठी केलं असेल तर 10. भाडं घेतलं नाही म्हणजे आपण सुटलो, असंही धरून चालू नका. शिवाय तुमच्यावर गुन्हा सिद्ध झाला तर तुमचं स्वतःचं स्टेटस आणि ग्रीन कार्ड दोन्ही जाऊ शकतात. तुमच्या भीतीचं मूळ इथे आहे आणि ती रास्त आहे, हे नवऱ्याला याच शब्दांत सांगा. दारावर कुणी आलंच तर खोटं बोलू नका, पण बोललंच पाहिजे अशीही सक्ती नाही. न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट दाखवा, असं म्हणायचा आणि वकिलाशिवाय गप्प राहायचा हक्क तुम्हाला आहे.

राज्यं हे कायदे करतात आणि कोर्ट ते अडवतं, याचं कारण फार जुनं आहे. देशात कोणी यावं आणि कोणाला बाहेर काढावं हे ठरवण्याचा अधिकार केंद्राचा, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं 1875 च्या सुमारासच सांगितलं. कॅलिफोर्नियात बोटीनं उतरणाऱ्या चिनी बायकांना तिथला अधिकारी जामिनाच्या नावाखाली अडवत होता, तो कायदा तेव्हा रद्द झाला. ॲरिझोनानं 2010 मध्ये एसबी 1070 हा असाच कायदा आणला. 25 जून 2012 ला सुप्रीम कोर्टानं त्याची आव्हान दिलेल्या चारपैकी तीन कलमं उडवली. संशय आल्यास पोलिसांनी स्टेटस तपासावं, एवढं एक तेव्हा टिकलं. फ्लोरिडा, ओक्लाहोमा, आयोवा यांनी 2024-25 मध्ये टेक्साससारखे कायदे केले, तेही कोर्टानं अडवले. बातमीत कायदा "मंजूर" दिसला की लोक घाबरतात, तो "थांबवला" गेल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मला याचा खरोखर संताप येतो, कारण या धुरळ्यात घाबरलेली माणसं वकिलाकडे जाण्याऐवजी लपून बसतात आणि अर्जाच्या मुदती हातच्या जातात. तुमच्या भाच्याचं आता तेच चाललंय.

मग त्याला अर्व्हिंगला आणावं का? माझं मत, आणू नका. तुमच्या भल्यासाठी म्हणून नाही, त्याच्या. न्यू जर्सीत स्टेटस नसलेल्यालाही 2021 पासून वाहन परवाना काढता येतो, आणि तिथल्या पोलिसांनी इमिग्रेशन खात्याला किती मदत करायची यावर राज्यानं 2018 मध्ये बंधनं घातली आहेत. टेक्सासमध्ये त्याला नवा परवाना मिळणार नाही. अर्व्हिंगला गाडीशिवाय दूधही आणता येत नाही, म्हणजे एकतर तो घरात कोंडून राहील, नाहीतर परवान्याशिवाय गाडी चालवेल. मागचा दिवा गेला म्हणून जरी पोलिसानं थांबवलं, तरी पुढचा प्रश्न स्टेटसचा येऊ शकतो. त्यात 2025 मध्ये टेक्सासनं आणखी एक कायदा केला. तुरुंग चालवणाऱ्या शेरिफांनी इमिग्रेशन खात्याशी सहकार्याचे करार केलेच पाहिजेत, असं तो म्हणतो. त्याचं विद्यापीठ तिकडे आहे, कागदपत्रं तिकडे आहेत. ताईंना "मामाचं घर" सुरक्षित वाटतं, कारण त्यांच्या डोळ्यासमोर माणसं आहेत, राज्यं नाहीत. त्यांना दोष देता येत नाही, पण नकाशा त्यांच्यासमोर मांडायला हवा.

तुम्ही त्याच्याकडे जा. म्हणजे मामांनी विमानानं न्यू जर्सीला जावं, सोबत स्वतःचा पासपोर्ट, आय-94 (देशात आल्याची सरकारी नोंद) आणि एच-1बीचे कागद ठेवावेत. आधी फोनवर वकिलाची वेळ घ्यावी. वकिलाचा परवाना तो देणाऱ्या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर तपासता येतो, तेवढं कराच. फी तुम्ही भरा. त्याला तुम्ही देऊ शकता अशी आश्रयाहून मोठी मदत हीच आहे. वकिलाच्या खोलीत मात्र भाच्याला एकटं जाऊ द्या. त्यानं कुठे पेट्रोल पंपावर किंवा दुकानात रोखीनं काम केलं असेल, तर ते तो मामासमोर कबूल करणार नाही, आणि नेमकी तीच गोष्ट वकिलाला कळली पाहिजे. परवानगीशिवाय काम केलेल्याला स्टेटस परत मिळण्याची वाट जवळपास बंद होते. वकील अशिलाचं बोलणं सरकारला सांगत नाही, तो तसा बांधलेला असतो. हे भाच्याला दोनदा सांगा. आणि आज तो काम करत असेल तर ते आजच थांबू दे, त्याचा महिन्याचा खर्च तुम्ही उचला.

ते "वर्गात जावं लागत नाही" म्हणणारे गृहस्थ. त्यांचा नंबर भाच्याच्या फोनमधून काढून टाकायला सांगा. जानेवारी 2019 मध्ये मिशिगनमधल्या फार्मिंग्टन विद्यापीठाचं प्रकरण उघडकीला आलं. ते विद्यापीठ इमिग्रेशन खात्यानंच सापळा म्हणून उभं केलं होतं. ना वर्ग, ना शिक्षक. सुरुवातीला जे 130 विद्यार्थी पकडले गेले त्यातले 129 भारतीय होते. ती मुलं बदमाश नव्हती, बहुतेक तुमच्या भाच्यासारखीच कर्ज काढून आलेली आणि स्टेटस टिकवण्यासाठी धडपडणारी होती.

स्टेटस परत मिळवायचं तर कारण त्याच्या हाताबाहेरचं होतं हे दाखवावं लागेल, पूर्णवेळ शिकायची तयारी लागेल आणि विद्यापीठानं नवा आय-20 (विद्यार्थी-व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा दाखला) द्यायला हवा. नोकरी न मिळाल्यानं स्टेटस गेलेल्याला हे सोपं नाही. वकील कदाचित सांगेल की जमणार नाही. अशा वेळी दुसरा रस्ता म्हणजे स्वतःहून परत जाणं, आणि त्याबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण ताईंच्या घरात हा शब्द कुणी उच्चारत नसणार.

अमेरिकेत 180 दिवसांहून जास्त बेकायदा मुक्काम करून बाहेर पडलं तर 3 वर्षं, आणि एक वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर 10 वर्षं परत येता येत नाही. हा 1996 चा केंद्राचा कायदा. पण विद्यार्थ्यांच्या आय-94वर बहुधा ठरावीक तारीख नसते, तिथे डी/एस लिहिलेलं असतं, म्हणजे शिक्षण चालू असेपर्यंत. अशांच्या बाबतीत हे दिवस आपोआप मोजले जात नाहीत. इमिग्रेशन खात्यानं एखाद्या अर्जावर तसा निर्णय दिला किंवा न्यायाधीशानं आदेश काढला, की मोजणी सुरू होते. भाच्याच्या आय-94वर डी/एस असेल आणि तो आता गेला, तर एकाही वर्षाची बंदी न लागता जाण्याची चांगली शक्यता आहे. पुढे नवा प्रवेश, नवा व्हिसा, नोकरी, सगळ्याची दारं किलकिली का होईना उघडी राहतात. तोच उद्या पकडला गेला आणि हद्दपारीचा आदेश निघाला, तर त्याची बंदी वेगळी, बहुधा 10 वर्षांची. आय-94 इंटरनेटवर पाच मिनिटांत काढता येतो. मामांनी जायच्या आधीच तो काढून वकिलाला पाठवा. परत जायचं ठरलंच तर बोर्डिंग पास जपून ठेवायला सांगा. अमेरिकेतून निघताना पासपोर्टवर शिक्का मारायला कुणी बसलेलं नसतं, त्यामुळे कधी निघालो याचा पुरावा स्वतःकडे असलेला बरा.

हे सगळं ऐकून ताई म्हणतील, मग कर्जाचं काय? खरी गाठ तिथेच आहे. मुलगा परतला तर गहाण घराचे हप्ते रुपयात फेडावे लागतील, म्हणून तो तिथे कसाही तगून राहावा असं त्यांना वाटतं. पण स्टेटस नसलेला मुलगा डॉलर पाठवणार कुठून? रोखीचं काम करून, दर महिन्याला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत. सांगलीच्या बँकेत जाऊन हप्ते लांबवून मागता येतात, आणि ते कर्ज थकण्याआधी मागितलं तर बँक ऐकून घेते. मामांना भाच्यासाठी काही करायचंच असेल, तर पहिल्या वर्षाचे निम्मे हप्ते उचलावेत. ते तुमच्या घराला परवडेल का हे तुम्ही दोघांनी बसून ठरवा. या विषयावर नवऱ्याशी बोलायला तुम्हीच सुरुवात करा, "नको" या शब्दाऐवजी आकड्यानं.

तुमच्या कागदांचा प्रश्न राहिला. हो, जवळ ठेवा. 18 वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी माणसानं नोंदणीचा पुरावा सोबत बाळगावा, हा केंद्राचा जुना नियम आहे. न बाळगल्यास दंड किंवा 30 दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्यासाठी तो पुरावा म्हणजे आय-94. त्याची प्रत पाकिटात ठेवा, पासपोर्टचा फोटो फोनमध्ये. यात अपमान वाटायचं कारण नाही, आणि आपण रीतसर आहोत म्हणून आपल्याला कोण विचारतंय, असंही समजू नका. अलाबामानं 2011 मध्ये असाच कडक कायदा केला, तेव्हा काही महिन्यांतच मर्सिडीजच्या कारखान्याचा एक जर्मन अधिकारी, सोबत योग्य कागद नाहीत म्हणून पकडला गेला होता. तुमची मुलगी जन्मानं नागरिक आहे, तिच्या जन्मदाखल्याची आणि पासपोर्टची प्रत घरात एका ठिकाणी ठेवा. तिला हे सगळं थोडं समजावूनही सांगा. सातवीतल्या मुलीला घरातला अबोला कळतो, कारण कळत नाही, आणि मग ती स्वतःचंच काहीतरी ठरवून बसते.

ताईंना फोन मात्र तुम्ही करा, नवऱ्यानं नाही. भाऊ बहिणीला नाही म्हणू शकणार नाही, आणि त्यांनी टाळाटाळ केली तर दोष तुमच्यावरच येईल. सांगा की, "ताई, तो आमच्याकडे येत नाहीये, हे त्याच्याकडे निघालेत. सोमवारी वकिलाची वेळ घेतलीय. पैसे आम्ही भरतोय. तुम्ही एवढंच करा, त्याला फोनवर रागवू नका, तो काय लपवतोय ते त्याला वकिलाला सांगू दे." त्या रडतील, कदाचित चार शब्द ऐकवतीलही. ऐकून घ्या. मग भाच्याला फोन लावा आणि विद्यापीठाची ती ईमेल नेमकी कोणत्या तारखेची आहे ते विचारा. पाच महिने तिथूनच मोजायचे की त्याच्याही आधीपासून, हे वकील पहिल्या पाच मिनिटांत विचारेल.